दसऱ्याची मोटार

सह्याद्रीच्या रानातले चिमुकले सुरगाणा संस्थान 1948 साली विलीन झाले. 1949 साली छत्रपतींचे कोल्हापूरही. लहानमोठी सारी राज्ये अशी गेली. मग मागे काय राहिले? कोल्हापुरात एक मोटार राहिली!

छत्रपती राजाराममहाराजांची ही जर्मन मेबॅक मोटार. महाराज 1940 साली निवर्तले. त्या जुन्या कारखान्याने 1921 ते 1940 या काळात जेमतेम 1800 मोटारी बांधल्या. त्यांतली ही एक दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि सोने लुटायला जमलेली गर्दी कॅमेरे उंचावते.

छायाचित्रात मोटारीची ऐट उतरते, इंजिनाची घरघर उतरत नाही. म्हणून छायाचित्रकाराने नुसते चकाकते दिवे टिपू नयेत. बापाच्या खांद्यावरून डोळे विस्फारून पाहणारे पोरही टिपावे. मोटार राजाची असली तरी तिचा इतिहास पाहणाऱ्यांचाही आहे.

वाचकहो, सुरगाण्यात असा वा अन्यत्र, घरच्या पेटीत मोटारीपाशी उभ्या आजोबांचे छायाचित्र असेल, तर या दिवाळीत बाहेर काढा. वडीलधाऱ्यांना विचारून मागे नावे आणि साल लिहा. मोटारीचे नाव पुस्तकात सापडेल. आजोबांचे सापडणार नाही.