तांडा

तांडा म्हणजे एकत्र वाटचाल करणाऱ्या माणसांचा व ओझ्याच्या जनावरांचा समूह. मराठीत हा शब्द मुख्यतः बंजारा किंवा लमाण समाजाशी निगडित आहे. मात्र आज तो फिरत्या समूहापेक्षा या समाजाच्या कायम वस्तीसाठीच अधिक वापरला जातो.

अर्थ

हिंदीतील 'टांडा' हा याच शब्दाचा भाऊबंद असून माल लादलेल्या बैलांचा कळप असा त्याचा अर्थ होतो. मराठीतील 'काफिला' अरबीतून आला, तर 'कारवान' फारसीतून. संस्कृतात व्यापाऱ्यांच्या प्रवासी समूहाला 'सार्थ' व त्याच्या प्रमुखाला 'सार्थवाह' म्हणत. नलोपाख्यानातील दमयंती अशाच एका सार्थाबरोबर वनातून प्रवास करते. मराठी वाचकाला मात्र 'सार्थ' म्हणजे 'अर्थासहित' एवढेच ठाऊक असते. काफिल्यात व्यापारी घर मागे ठेवून निघू शके. तांड्यात बायकामुलांसह सारा संसारच चालत असे. तांड्याच्या प्रमुखास 'नायक' म्हणतात. ऊसतोड मजुरांचे तांडे, निर्वासितांचे तांडे असा लाक्षणिक वापरही रूढ आहे.

'लमाण' हे नाव 'लवण' म्हणजे मीठ या शब्दाशी, तर 'बंजारा' हे 'वाणिज्य' या शब्दाशी जोडले जाते. बंजारा व वंजारी हे महाराष्ट्रात दोन स्वतंत्र समाज मानले जातात. नामसाम्यामुळे त्यांची गल्लत होते.

फिरता तांडा

धान्य व मीठ गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवरून दूरदूर नेणे हा तांड्यांचा व्यवसाय होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर भारतात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. सैन्यालाही रसद तांडेच पुरवीत. मोगलांना त्यांची गरज होती, तशीच १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात आर्थर वेलस्लीलाही होती.

वस्ती झालेला तांडा

१८५३ नंतर रेल्वेचे जाळे पसरू लागले आणि बैलांवरची मालवाहतूक हळूहळू बसली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकंतीच संशयास्पद ठरवली व पुढे अनेक भागांतील बंजारा त्याच्या कक्षेत आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाचा समावेश असलेल्या 'विमुक्त जाती' या प्रवर्गाच्या नावात त्याची खूण राहिली आहे. दरम्यान तांडे गावांलगत, माळरानावर स्थिरावले. चालणे थांबले तरी नाव तेच राहिले. नायकपदावरून 'नाईक' हे आडनावही रूढ झाले. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्म १९१३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील गहुली येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे राठोड.

तांडा बहुधा शेजारच्या महसुली गावाचा भाग म्हणून नोंदला जातो. त्यामुळे रस्ता, पाणी व शाळेसाठी त्याला मूळ गावाच्या ग्रामपंचायतीवर अवलंबून राहावे लागते आणि तेथे त्याचे संख्याबळ अनेकदा तोकडे पडते. महाराष्ट्रात यासाठी वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजना राबवली जाते. तेलंगणात २०१८ च्या पंचायत राज कायद्यानंतर अनेक तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती मिळाल्या.