मध्यस्थाचा अधिकार

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, ही म्हण ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु कोर्टाऐवजी ज्याच्यापुढे बसावयाचे, त्याचा अधिकार कोणता, हे ती म्हण सांगत नाही. ऑस्ट्रेलियातील कौटुंबिक कायद्याच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

तेथील १९५९ च्या विवाहविषयक कायद्यात घटस्फोटाची चौदा कारणे होती. बहुतेकांत जोडीदाराचा दोष शाबीत करावा लागे आणि त्यात घरातली लक्तरे चव्हाट्यावर येत. १९७५ चा कायदा ५ जानेवारी १९७६ पासून अमलात आला. बारा महिने विभक्त राहणे एवढाच पुरावा आता पुरेसा ठरला. तथापि मुले कोणाकडे राहावयाची, हा तंटा उरलाच. म्हणून २००६ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, मुलांविषयी कोर्टात अर्ज करण्यापूर्वी आईबापांनी मध्यस्थापुढे प्रामाणिक प्रयत्न करावा व तसा दाखला आणावा. मारहाण, मुलांचा छळ किंवा तातडी असेल तेथे ही अट नाही.

खरी गोम येथेच आहे. खुशीचा मध्यस्थ अनाडी निघाला, तर उठून जाता येते. त्याच्या दाखल्यावाचून कोर्टाचे दार उघडत नाही असे झाले, की त्याची पारख सरकारनेच केली पाहिजे. २००८ च्या नियमांनी ती केली. विषयाची पदव्युत्तर पदविका किंवा तत्सम पात्रता हवी. पुढेही दर दोन वर्षांत चोवीस तासांचे शिक्षण त्या नियमांनी सक्तीचे केले. ज्याचे वकीलपत्र पूर्वी घेतले, त्याच्या तंट्यात मध्यस्थी करावयाची नाही.

ह्या शिक्षणातील सर्वांत कठीण धडा म्हणजे मध्यस्थी केव्हा करू नये हे ओळखणे. बैठक भरविण्यापूर्वी घरात मारहाण आहे काय, एकजण दुसऱ्याच्या धाकात आहे काय, मुलाला धोका आहे काय, हे मध्यस्थाने तपासावयाचे. हे प्रकरण मध्यस्थीस योग्य नाही, असाही दाखला त्याला देता येतो.

‘जरा सांभाळून घे’ असे सुनेला सांगणारे वडीलधारे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसे. परंतु धाकाने खाली गेलेली मान त्यांना पुष्कळदा संमतीसारखी दिसली. ती ओळखावयास नुसते पिकलेले केस पुरत नाहीत. ते शिकावे लागते.