अणू कोणाच्या हातात?

अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन वयाच्या बाराव्या वर्षापासून गावच्या शाळेत शिकवत होता. आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या मला त्याच्या चरित्रातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. 1808 मध्ये त्याने मूलद्रव्यांसाठी वर्तुळांची चिन्हं छापली, पण शिकवताना तेवढ्यावर भागेना. 1810 च्या सुमारास पीटर इवर्ट या मित्राने त्याला लाकडी गोळे करून दिले. जो अणू कुणी पाहिलाच नव्हता, तो आता वर्गात उचलून दाखवता येऊ लागला.

1865 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट होफमानने अणू म्हणून क्रोकेच्या खेळातले चेंडू वापरले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. प्रयोगशाळेच्या कपाटातला प्लॅस्टिकचा संच आज उघडून बघा, बहुतेक रंग तेच सापडतील. पुढे 1960 च्या दशकात एमआयटीत सायरस लेव्हिंथल यांनी रेणू संगणकाच्या पडद्यावर आणला आणि फिरवूनही पाहिला. पण तो संशोधकांसाठी होता. होफमानचे चेंडू त्याच्याच हातात होते. श्रोते फक्त बघत होते.

पडद्यावरचा अणू मुलांच्या हाती यायला 2002 नंतरचा काळ उजाडावा लागला. रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून 2001 चं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा विज्ञानाच्या संगणकीय सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. तिथे सिम्युलेशन तयार होत असताना विद्यार्थ्यांपुढे ठेवतात, ते वापरताना काय विचार करतात ते मोठ्याने बोलायला सांगतात आणि त्यावरून दुरुस्त्या करतात. सगळं मोफत आहे, मराठी भाषांतरंही झाली आहेत.

त्यातलं अणू बांधायचं सिम्युलेशन मी वर्गात वापरते. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या टोपल्यांत असतात. एक प्रोटॉन मध्ये ठेवला की हायड्रोजन. दुसरा ठेवला की हेलियम, पण केंद्रक थरथरू लागतं: अस्थिर. एक न्यूट्रॉन टाकला की शांत होतं. दुसरा टाकला तरी शांत. तिसरा टाकला की पुन्हा थरथर. लिथियमला तीनास तीन चालतात, तेव्हा मुलं नियम करून मोकळी होतात: जितके प्रोटॉन तितके न्यूट्रॉन. मग बेरिलियम येतो. चारास चार ठेवले तरी केंद्रक थांबत नाही! पाचवा न्यूट्रॉन टाकल्यावरच थांबतं. बोरॉन आणि कार्बन मात्र समसमान संख्येवर पुन्हा खुशाल स्थिर. वर्गात त्या वेळी जो कल्ला होतो तो मला हवाच असतो. चारास चारचा बेरिलियम निसर्गातही टिकत नाही. क्षणार्धात फुटून त्याचे दोन हेलियम होतात. नियम करणं, तो मोडणं, पुन्हा तपासणं हे विज्ञानाचं खरं काम आहे आणि ते तेरा वर्षांची मुलं स्वतः करतात.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. अनेक वर्गांत हेच सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावतात, माउस बाईंच्या किंवा सरांच्या हातात असतो आणि मुलं बघत बसतात. म्हणजे आपण परत 1865 च्या व्याख्यानात जाऊन बसलो.

माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. शाळेत एकच संगणक असला तरी चालेल, सिम्युलेशन एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. मुलांना आळीपाळीने पुढे बसवा, माउस त्यांच्या हाती द्या आणि बेरिलियमचं उत्तर आधी सांगू नका.