पायरीवर बसलेली मुले

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटचे कामकाज चालू असताना अध्यक्षांच्या आसनाखालच्या पायऱ्यांवर गडद निळ्या पोशाखातील काही मुले-मुली बसलेली दिसतात. वय सोळा-सतरा, इयत्ता अकरावी. भल्या सकाळी त्यांची शाळा भरते आणि नंतर सभागृहात कागदपत्रे पोहोचविणे, निरोप देणे, वक्त्यासाठी पाणी ठेवणे ही कामे ती करतात. त्यांना 'पेज' म्हणतात. (इंग्रजीत पुस्तकाच्या पानालाही हाच शब्द आहे, दोहोंची व्युत्पत्ती भिन्न नसती, तर श्लेषाचा मोह आम्हांस आवरला नसता.)

सिनेटचा पहिला पेज ग्रॅफ्टन हॅन्सन. डॅनियल वेब्स्टर यांच्या शिफारशीने १८२९ मध्ये तो आला, तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि सभागृहाच्याच एका अधिकाऱ्याचा नातू होता. आरंभीच्या अनेक पेजेसची कथा याहून करुण आहे. शहरातील अनाथ वा निर्धन घरांतील मुलांना येथे रोजगार मिळे. दौती भरणे, लेखण्या तासणे, दिवे लावणे ही त्यांची कामे.

दुसरा पेज आयझॅक बॅसेट. १८३१ मध्ये बाराव्या वर्षी तो सिनेटमध्ये आला आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. पेजचा निरोप्या झाला, निरोप्याचा साहाय्यक द्वारपाल. चौसष्ट वर्षे जे पाहिले ते त्याने कागदांवर टिपून ठेवले, पण पुस्तक काही झाले नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले असता सभागृहात उतरलेले मॅसॅच्युसेट्सचे सैनिक बंडखोर जेफर्सन डेव्हिस यांचे मेज संगिनींनी फोडू लागले. हे मेज डेव्हिसचे नव्हे, सरकारचे आहे, असे सांगून आपण त्यांना थांबविले, असे बॅसेट लिहितो. डागडुजी केलेले ते मेज आजही वापरात आहे. सिनेटरांच्या भाषणांचे खंडच्या खंड छापले गेले. ज्याला सभागृहात बोलण्याचा अधिकार नव्हता त्याची टिपणे मात्र हस्तलिखितातच राहिली. इतिहासाच्या अभ्यासकाने या विषमतेपाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

पायरीवर कोणाला बसू दिले जाते, हाही राजकीय प्रश्नच होता. यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७१ मध्ये, आल्फ्रेड पॉवेल हा कृष्णवर्णीय मुलगा प्रतिनिधिगृहात पेज होता. पुढे कृष्णवर्णीयांचे हक्क हिरावले गेले. विसाव्या शतकातील पहिले कृष्णवर्णीय पेज दोन्ही सभागृहांत आले ते १९६५ मध्ये, म्हणजे मताधिकार कायद्याच्याच वर्षी. सिनेटमध्ये मुलींना प्रवेश मिळायला १९७१ उजाडले. जड ओझी त्यांना पेलतील काय, रात्री त्या सुरक्षित राहतील काय, अशा शंका सिनेटरांनी त्यापूर्वी गांभीर्याने चर्चिल्या होत्या. सुरक्षिततेची ही काळजी पुढील घटनांच्या प्रकाशात फारच विचित्र दिसते.

या पोरांनी इतिहास अगदी जवळून पाहिला, हे खरेच. ८ डिसेंबर १९४१ रोजी रूझवेल्ट युद्धघोषणेची मागणी करीत असताना पंधरा वर्षांचा जॉन डिंगेल पेज म्हणून सभागृहात होता. तोच पुढे एकोणसाठ वर्षे प्रतिनिधी राहिला. १ मार्च १९५४ रोजी प्वेर्तो रिकोच्या राष्ट्रवाद्यांनी प्रेक्षकसज्जातून गोळ्या झाडल्या आणि पाच प्रतिनिधी जखमी झाले. त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर नेणाऱ्यांत पॉल कँजोर्स्की आणि बिल एमर्सन हे पेज होते. पुढे तेही दोघे प्रतिनिधी झाले.

परंतु ज्यांच्या हाती ही मुले सोपविली, त्यांचे काय? २० जुलै १९८३ रोजी प्रतिनिधिगृहाने डॅनियल क्रेन आणि गेरी स्टड्स या दोन सदस्यांची जाहीर निर्भर्त्सना केली. दोघांनी सतरा वर्षांच्या पेजशी लैंगिक संबंध ठेवले होते. एकाने मुलीशी, दुसऱ्याने मुलाशी. क्रेन पुढील निवडणूक हरले. स्टड्स मात्र पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले. २००६ मध्ये माजी पेजेसना पाठविलेल्या अश्लील संदेशांमुळे मार्क फोली यांना राजीनामा द्यावा लागला.

ऑगस्ट २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने पेजची प्रथाच बंद करण्याचे ठरविले. बेनर आणि पेलोसी या परस्परविरोधी नेत्यांनी एकमुखाने कारण दिले ते असे : इलेक्ट्रॉनिक साधनांमुळे निरोप्यांची गरज उरली नाही, आणि वर्षाला पन्नास लाख डॉलरहून अधिक खर्च होतो. हिशेब बरोबर असेलही. पण १९८३ आणि २००६ या सालांना त्यात रकाना नव्हता. सिनेटने ही प्रथा चालू ठेवली. तीस मुलांची तुकडी तेथे काम करते. त्यांच्या निवासाच्या इमारतीस नाव आहे डॅनियल वेब्स्टर यांचे.