मॉर्मन मत आणि पारंपरिक ख्रिस्ती सिद्धान्त
जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या मॉर्मन संप्रदायाचे प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत आले. पुण्यातही त्यांनी प्रचार केला; मात्र इतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांचा त्यांना विरोध झाला. त्यामागे सिद्धान्तांचा भेद होता. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेनुसार पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत. मॉर्मन मतानुसार पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन स्वतंत्र व्यक्ती असून त्यांचा हेतू एक आहे. प्रेषितांनंतर चर्चचा अधिकार लोपला व स्मिथ यांच्याद्वारे तो परत आला, असेही मॉर्मन मानतात. त्यामुळे आधी बाप्तिस्मा झालेल्यालाही त्यांच्याकडे तो पुन्हा घ्यावा लागतो. म्हणजेच इतर चर्चचा बाप्तिस्मा अपुरा ठरतो. ख्रिस्तावर दोघांची श्रद्धा असूनही वाद तीव्र झाला, तो या अधिकाराच्या प्रश्नामुळे.