जांभळा भात, हिरवा करगा

जबलपूरच्या अधारताल भागात, महाराजपूरला, केवळ तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1978 मध्ये सुरू झाला, 1989 मध्ये जबलपूरला राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि 2014 पासून ते तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखलं जातं. भारतात तणनाशकांना दाद न देणाऱ्या तणांचा इतिहास साधारणपणे या संस्थेच्या उभारणीनंतरच्या काळात, 1990 च्या दशकातल्या हरियाणापासून सांगितला जातो. ही सुरुवात फार उशिराची आहे असं मला वाटतं. फवारणीचा पंप शेतात येण्यापूर्वीच तणांनी माणसाच्या उपायांवर मात केली होती, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा जुन्या मध्य प्रांतातच सापडतो. दरवर्षी एकाच खुणेवरून तण मारलं, की ती खूण नसलेली रोपं तेवढी मागे राहतात. ही निवड खुरप्यानं झाली काय किंवा रसायनानं झाली काय, तिचा नियम बदलत नाही.

नागपूरकर भोसल्यांकडून 1817-18 मध्ये जबलपूर इंग्रजांकडे गेलं. त्यानंतरच्या शतकात या भागातल्या काळ्या जमिनीवर मालगुजारांनी बांध घालून जी शेती वाढवली, तिला हवेली म्हणतात. पावसाळ्यात बांधाआड पाणी साठवायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सोडून द्यायचं आणि ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेल्या शेतात पावसाळी तण बुडून मरतं, त्यामुळे खरिपात नांगर धरायची गरज उरत नाही. पाण्याला सरावलेलं तण हवेलीत का माजलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. देवधान आणि सावा तर पाण्यातच फोफावतात. पण हवेलीत पाणी आणि पीक एका वेळी नांदत नाहीत. पाणथळ तण तगलं तरी पाणी उतरल्यावर कोरड्या थंडीत त्याचा निभाव लागत नाही, आणि गव्हाबरोबर उगवणाऱ्या तणाचं बरंचसं बी पाण्याखाली कुजून जातं. दोन्ही ऋतूंना पुरून उरेल असं तण घडणं अवघड होतं. हवेलीचं खरं बळ मला या ऋतूंच्या अंतरात दिसतं.

बांध नसलेल्या काळ्या जमिनीत मात्र कांस नावाचं गवत माजलं. त्याची मुळं खोल जातात, देशी नांगर त्यांच्या वरूनच फिरतो, आणि एकदा कांस घुसला की शेतकरी जमीनच सोडून देत. बुंदेलखंड, सागर आणि नर्मदेच्या खोऱ्यात अशी सोडलेली राने पसरलेली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली, आणि सप्टेंबर 1949 मध्ये जागतिक बँकेनं भारताला शेती यंत्रांसाठी 1 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ते मुख्यतः कांसाच्या जमिनी उखडण्यासाठी. उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळं वर काढायची आणि वैशाखाच्या उन्हात वाळवायची, असा हा उपाय होता. तो लागू पडला, पण पुढच्या वर्षांची मशागत सांभाळली तिथंच. एका नांगरटीवर विसंबलेल्या रानात उरलेल्या मुळांना पुन्हा फूट येते.

सगळ्यात बोलका पुरावा छत्तीसगडच्या भातशेतीचा. विदर्भ, जबलपूर आणि छत्तीसगड 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. छत्तीसगडात भात फोकून पेरतात आणि साधारण महिन्याभरानं पाणी साचलेल्या उभ्या पिकात नांगर फिरवतात. या पद्धतीला बियासी म्हणतात. तिथलं मोठं तण म्हणजे करगा, भाताचंच रानटी भावंड. कोवळेपणी दोघं सारखी दिसतात, म्हणून निंदणाऱ्या बाईला करगा हेरता येत नाही, आणि पीक कापणीला येण्याआधीच करग्याचे दाणे गळून जमिनीत जातात. शेतीतज्ज्ञांनी यावर जांभळ्या पानांचा भात आणला. जांभळं रोप ठेवायचं, हिरवं उपटायचं. काही हंगाम हे छान चाललं. पण भात आणि करगा यांचा संकर होतो, आणि त्या संकरातून काही करगे जांभळे निघाले. हिरवे करगे दरवर्षी उपटले जात होते, त्यामुळे जांभळ्यांचीच संख्या वाढत गेली आणि तण पुन्हा पिकासारखं दिसू लागलं. इथं रसायनाचा थेंबही पडलेला नव्हता.

हरियाणात जे घडलं ते याच गोष्टीचं पुढचं रूप आहे. भात-गहू-भात या चक्रात गव्हातल्या फॅलॅरिस मायनर या गवतावर, ज्याला उत्तरेत गुल्ली-डंडा म्हणतात, वर्षानुवर्षं आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक मारलं गेलं. ते गव्हाला इजा करत नाही, कारण गहू आपल्या पेशींत त्याचं विघटन करतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जे गवत वाचू लागलं, त्यानं नेमकं हेच विघटन साधलेलं होतं. करग्यानं पिकाचा रंग घेतला, या गवतानं पिकाची पचनशक्ती. दशकाच्या अखेरीस क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही तणनाशकं आली, आणि काही वर्षांत त्यांनाही न जुमानणारं गवत सापडू लागलं.

यावर असा आक्षेप येईल की करग्याला रंग परागकणांतून आयता मिळाला, तर रसायनाला तोंड देणारं गवत आपल्यातल्याच फरकांतून निपजलं, म्हणून ही तुलना सैल आहे. उगम वेगळा आहे, हे मान्य. पण शेतकऱ्याच्या हातात उगम नसतो, निवड असते, आणि ती दोन्हीकडे एकच आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हवेलीत वर्षाला एकच पीक निघतं. आधी सोयाबीन आणि पुढे बरगी धरणाचं पाणी आल्यावर जबलपूरचा शेतकरी खरीप पडीक का ठेवील? आणि दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बायांच्या कष्टांवर उभी असलेली शेती परत आणा, असं कुणी कोणत्या तोंडानं म्हणावं? तणनाशकानं हे कष्ट खरोखर कमी केले आहेत. म्हणून मी बांधांकडे परत चला असं म्हणत नाही. हवेलीतून घ्यायचं ते ऋतूंचं अंतर, आणि ते बांधाशिवायही साधतं. हरियाणात बरसीम, ऊस किंवा सूर्यफूल फेरपालटात असलेल्या शेतांत प्रतिकारक गवत कमी आढळलं, आणि शून्य मशागतीनं वेळेवर पेरलेल्या गव्हात ते कमी उगवलं.

जिथं फेरपालट शक्यच नाही, तिथं प्रश्न खरा कठीण होतो. तेलपामचं झाड पंचवीसेक वर्षं एकाच जागी उभं असतं. मलेशियात 1997 मध्ये अशाच कायम उभ्या असलेल्या एका फळबागेत इल्यूसाइन इंडिका, म्हणजे आपल्या नाचणीचं रानटी भावंड, ग्लायफोसेटला दाद देईना. पुढे याच गवताचे एकाहून अधिक तणनाशकांना न जुमानणारे प्रकारही त्या देशात सापडले. पीक बदलता येत नसेल, तर तण मारण्याचं साधन तरी बदलत राहिलं पाहिजे. पामच्या ओळींत जमीन झाकणारी द्विदल वेल, बुंध्याभोवतीच्या आळ्यात हातानं किंवा यंत्रानं कापणी, आणि गरज पडली तिथंच फवारा. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं तेलपामची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, तेव्हा नव्या बागांसाठी हे पहिल्या वर्षापासून बसवायला हवं.

त्याच 2021 मध्ये इमाझेथापायर हे तणनाशक सोसणाऱ्या पुसा बासमती 1979 आणि 1985 या जाती थेट पेरणीसाठी आल्या. रोवणीचं पाणी आणि मजुरी वाचवणारं हे काम मोलाचं आहे. पण तणनाशक सोसण्याचा हा गुण भातातून करग्यात जायला जांभळ्या रंगाएवढीच वाट मोकळी आहे. करगा जिथं आहे, अशा जिल्ह्यांत असं बियाणं देताना एकाच शेतात सलग दोन खरीप ते पेरू नये, आणि फवाऱ्यातून वाचलेला प्रत्येक करगा दाणे गळण्याआधी उपटावा, अशी अट बियाण्याच्या पिशवीवरच छापली पाहिजे.