नवप्रवर्तनातील अंतर

नवप्रवर्तनातील अंतर : नवे यंत्र वा नवी उत्पादनप्रक्रिया एका देशात प्रथम रूढ होते व अन्यत्र ती विलंबाने पोहोचते अथवा पोहोचूनही रुजत नाही. त्यामुळे दोहोंच्या उत्पादनक्षमतेत पडणाऱ्या तफावतीस ही संज्ञा लावतात. हे अंतर कायम नसते. यंत्राची उपलब्धता ही ते कमी होण्याची पहिली अट होय. परंतु तेवढी पुरेशी नाही, हे कापूस-गिरण्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

रिचर्ड आर्कराइटचे जलशक्तीवरील कताईयंत्र (१७६९) आणि सॅम्युएल क्रॉम्प्टनचे म्यूल (१७७९) यांमुळे इंग्लंडला सूतकताईत आघाडी मिळाली. ती टिकविण्यासाठी कारागिरांच्या देशांतरावर १८२४ पर्यंत आणि वस्त्रयंत्रांच्या निर्यातीवर १८४३ पर्यंत निर्बंध होते. तथापि ज्ञान माणसाबरोबर प्रवास करते. सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये अमेरिकेस गेला व त्याच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये यांत्रिक सूतकताई सुरू झाली. तेथेच न थांबता अमेरिकेत जॉन थॉर्पने १८२८ मध्ये रिंग कताईची नवी पद्धत शोधली.

निर्बंध उठल्यावर तीच यंत्रे कोणालाही विकत मिळू लागली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये सरकारने प्रोत्साहन दिलेल्या दोन हजार चात्यांच्या छोट्या गिरण्या अयशस्वी ठरल्या. त्यानंतर शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ओसाका गिरणी १८८३ मध्ये १०,५०० चात्यांनिशी सुरू झाली. तिचे तंत्रज्ञ यामानोबे ताकेओ यांनी लँकाशरमधील गिरणीत प्रत्यक्ष काम करून शिक्षण घेतले होते. पुढे जपानी गिरण्यांनी म्यूलऐवजी रिंग यंत्रे झपाट्याने स्वीकारली, निरनिराळ्या प्रतींच्या कापसाचे मिश्रण करण्याचे तंत्र विकसित केले आणि संघटितपणे कच्चा माल खरेदी केला. १८९३ मध्ये जपान-मुंबई जहाजमार्ग सुरू झाल्यावर मुंबईचा कापूसच मुंबईच्या सुताशी स्पर्धा करू लागला. अर्थात या यशामागे रात्रपाळीत राबणाऱ्या तरुण स्त्रियांचे अल्प वेतनावरील श्रमही होते.

भारतात पुढाकाराचा अभाव होता, असे म्हणता येत नाही. जमशेटजी टाटा यांच्या नागपूर येथील एम्प्रेस मिलमध्ये (स्थापना १८७७) रिंग यंत्रांचा प्रयोग १८८० नंतरच्या दशकारंभीच झाला होता. मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापनाही १८८७ मध्ये झाली. परंतु यंत्रे व सुटे भाग यांसाठी उद्योग इंग्लंडवर अवलंबून राहिला आणि यंत्रनिर्मिती स्वातंत्र्यपूर्व काळात फारशी रुजली नाही. शासनाचे धोरणही प्रतिकूल होते. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क बसविताना भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादण्यात आला. तो १९२६ मध्ये रद्द झाला. जपानने मात्र सुतावरील निर्यात शुल्क १८९४ मध्ये आणि कापसावरील आयात शुल्क १८९६ मध्ये रद्द केले. म्हणजेच एकाच काळात एका शासनाने उद्योगाचा भार हलका केला, तर दुसऱ्याने तो वाढविला.

पुढे टोयोडा साकिची यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला. त्याचे हक्क १९२९ मध्ये ओल्डम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. ओसाका गिरणीस यंत्रे पुरविली होती ती हीच कंपनी होय. अशा रीतीने एकेकाळचा ग्राहक विक्रेता झाला. उलट लँकाशरमध्ये म्यूल व साधे माग यांवरच दीर्घकाळ भिस्त राहिली. जुन्या यंत्रांतील भांडवल व कसबी कामगारांची परंपरा या पूर्वीच्या सामर्थ्याच्या बाबी बदलाच्या आड आल्या.

यावरून असे दिसते, की केवळ यंत्र विकत घेतल्याने अंतर तात्पुरते घटते. ते यंत्र समजून घेणारे तंत्रज्ञ, स्थानिक कच्च्या मालास अनुरूप बदल, दुरुस्ती व यंत्रनिर्मितीची सोय आणि अनुकूल शासकीय धोरण यांची जोड मिळते, तेथे ते मिटते व क्वचित उलटतेही. ही जोड तुटते तेथे ते पुन्हा वाढते, मग तो देश मागासलेला असो वा अग्रेसर.